काळ्या पडद्यावरची शिरोरेषा

१/ जुहू म्हटले की समुद्र, चौपाटी आणि नटनट्यांचे बंगले डोळ्यांपुढे येतात. त्याच जुहूत गुलमोहर क्रॉस रोड क्रमांक ९ वर एक सरकारी संशोधन संस्था उभी राहिली आणि तेथे काही माणसे मराठीचा एक अवघड प्रश्न घेऊन बसली. संगणक सुरू होताना जो काळा पडदा दिसतो, त्यावर देवनागरी नीट का उमटत नाही? हा धागा त्या प्रश्नाचा आहे. प्रश्न कळफलकाचा, पडद्याचा आणि माउसचा दिसतो. प्रत्यक्षात तो अक्षर म्हणजे काय, याचा आहे.

२/ जुहूला पत्रांचा इतिहास जुना आहे. १९२८ साली येथे विमानतळ झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन येथेच उतरले आणि टाटांची हवाई टपालसेवा सुरू झाली. त्यानंतर अर्ध्या शतकाने याच उपनगरातून दुसऱ्या तऱ्हेचे टपाल सुटू लागले. ते वाहून न्यायला विमान लागत नव्हते; टेलिफोनची तार पुरत होती.

३/ ती संस्था म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, लोकांच्या तोंडी एनसीएसटी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संगणक केंद्रातून ती निघाली आणि १९८५ मध्ये स्वतंत्र झाली. संचालक होते श्रीनिवासन रमाणी. १९८६ पासून आकाराला आलेल्या ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्यात तिचा मोठा वाटा होता. १९८९ मध्ये ‘डॉट इन’ हे भारताचे नामक्षेत्र नोंदले गेले, तेव्हा त्याचा कारभारही पुढे कित्येक वर्षे येथूनच चालला. जगाशी बोलणाऱ्या भारतीय संगणकांपैकी काही पहिले संगणक जुहूत होते.

४/ हे संगणक युनिक्सवर चालत. त्यांच्याशी बोलण्याची जागा म्हणजे कन्सोल: काळा पडदा, त्यावर फिकट अक्षरे आणि लुकलुकणारी एक खूण. चित्रे नाहीत, खिडक्या नाहीत. आज्ञा टंकायची आणि उत्तर वाचायचे. आजही लिनक्स किंवा फ्रीबीएसडी असलेल्या यंत्रात हा पडदा जिवंत असतो. कंट्रोल, आल्ट आणि फंक्शनची एखादी कळ एकदम दाबली, की रंगीत खिडक्यांमागे दडलेला तो जुना पडदा समोर येतो.

५/ त्याची मापे कोणी ठरवली? एका ओळीत ८० घरे, ही परंपरा आयबीएमच्या छिद्रपत्रांपासून चालत आली. ऐंशी स्तंभांचे ते पत्र १९२८ चे, म्हणजे जुहूच्या विमानतळाच्याच वयाचे. १९७८ च्या व्हीटी १०० टर्मिनलमध्ये ८० घरांच्या २४ ओळी होत्या. १९८७ मध्ये व्हीजीए आले. त्याच्या मजकुरी पडद्यावर ८० घरांच्या २५ ओळी बसल्या. एका घरात एक अक्षर. घराची रुंदी आठ ठिपके, उंची सोळा. इंग्रजी लिपी त्या घरात सुखाने नांदते. तिच्यासाठीच ते बांधले होते.

६/ या घराची डागडुजी करण्याची हत्यारेही टंकायच्या आज्ञाच आहेत. लिनक्समध्ये ‘लोडकीज’ कळफलकाचा नकाशा बदलते, ‘शोकी’ प्रत्येक कळीचा क्रमांक सांगते, ‘सेटफाँट’ पडद्यावरची अक्षररूपे बदलते. ‘केबीडीरेट’ने दाबून धरलेली कळ किती वेगाने पुन्हा उमटावी, हे ठरते: सेकंदाला दोनपासून तीसपर्यंत. फ्रीबीएसडीत हीच कामे ‘केबीडीकंट्रोल’ आणि ‘विडकंट्रोल’ करतात; माउससाठी ‘माउस-डी’ हा सेवक मागे जागा असतो. कोरडी नावे आहेत. पण माणसाची भाषा यंत्राला कळवण्याचा पहिला दरवाजा हाच.

७/ लिनक्सच्या जन्मकथेत याचा पुरावाच आहे. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने, ही प्रणाली लिहिली. तिच्या पहिल्या आवृत्तीत कळफलक एकच होता, तो म्हणजे फिनलंडचा. लिहिणाऱ्याच्या मेजावर तोच होता. अमेरिकन, जर्मन, फ्रेंच कळफलक पुढच्या आवृत्त्यांत आले. कोणतेही यंत्र आधी आपल्या कर्त्याच्या घरची भाषा बोलते. दुसऱ्याच्या घरची भाषा त्याला शिकवावी लागते, आणि ती शिकवायला त्या घरचा माणूस लागतो.

८/ मराठीचा कळफलक तोवर तयार होता. ‘इनस्क्रिप्ट’ ही मांडणी १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाण म्हणून पुढे आणली. तिच्यात विचार आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजने. इंग्रजी ‘के’च्या कळीवर ‘क’, शिफ्टसह ‘ख’. ‘आय’च्या कळीवर ‘ग’, शिफ्टसह ‘घ’. अल्पप्राण आणि त्याचा महाप्राण एकाच घरात. बाराखडी पाठ असलेल्या माणसाच्या बोटांना ती ओळखीची वाटते. व्याकरणाने आखलेला कळफलक जगात फार थोड्या लिपींना लाभला आहे.

९/ तेव्हा कन्सोलवर मराठी कळफलक बसवणे अशक्य नव्हते. लिनक्सच्या हिशेबी ‘के’ची कळ म्हणजे क्रमांक ३७. नकाशाच्या फायलीत एक ओळ लिहायची: कळ ३७ म्हणजे युनिकोडमधले ०९१५, शिफ्टसह ०९१६. ‘लोडकीज’ला ती फाइल दिली की काम झाले. कळ दाबताच ‘क’चे तीन बाइट निघतात: २२४, १६४, १४९. ते फायलीत बिनचूक उतरतात. पडद्यावर मात्र ‘क’ दिसत नाही. अक्षररूप सापडले नाही असे सांगणारे एक अनोळखी चिन्ह दिसते, आणि दुसरी कळ दाबली की पुन्हा तेच.

१०/ ही स्थिती क्षणभर डोळ्यांपुढे आणावी. माणूस आपल्या भाषेत लिहितो आहे. त्याने लिहिलेले खरे आहे, शुद्ध आहे, फायलीत सुरक्षित आहे. ती फाइल दुसऱ्या यंत्रावर नेली तर कोणीही वाचेल. पण लिहिताना त्याला स्वतःला मात्र ओळीने तीच ती खूण दिसते. बोटे बोलतात आणि डोळे आंधळे. कळफलकाचा प्रश्न एका ओळीत सुटला. पडद्याचा प्रश्न तेथूनच सुरू झाला.

११/ मग ‘सेटफाँट’ने देवनागरी अक्षररूपे का भरू नयेत? भरता येतात, पण जागा मोजकी आहे. व्हीजीएच्या मजकुरी पडद्यात २५६ अक्षररूपे मावतात. फार तर ५१२. पण मग त्याची किंमत म्हणून अक्षरांचे सोळा रंग आठवर येतात. रशियनांचे एवढ्यात भागले. त्यांची मुळाक्षरे ३३, लहान-मोठी धरून ६६. ‘कोई-८-आर’ या त्यांच्या सांकेतिक संचात ती सगळी वरच्या १२८ जागांत बसली आणि फ्रीबीएसडीच्या कन्सोलवर रशियन सहज वाचता येऊ लागली.

१२/ देवनागरीची गोष्ट वेगळी. व्यंजने, त्यांची अर्धी रूपे, मात्रा, रफार, उकार, अनुस्वार आणि जोडाक्षरे यांचा पसारा मोठा. त्यातही संख्या ही खरी अडचण नव्हे. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर उच्चारतात, पण लिहितात आधी. रफार उच्चारात आधी येतो आणि जाऊन बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. कन्सोलचा नियम मात्र असा: जे आधी आले ते डावीकडे, जे नंतर आले ते उजवीकडे, प्रत्येकाला एक घर. मागे वळून पाहण्याची मुभा त्या नियमात नाही. देवनागरी तर पदोपदी मागे वळून पाहते.

१३/ आणि शिरोरेषा. व्हीजीएच्या नेहमीच्या पद्धतीत आठ ठिपक्यांच्या अक्षरापुढे नववा ठिपका मोकळा सोडलेला असतो. इंग्रजी अक्षरे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ही सोय. चौकटी आखण्याच्या चिन्हांना तेवढी सूट आहे: १९२ ते २२३ या ३२ जागांवरील चिन्हांचा आठवा ठिपका नवव्यात पुन्हा उमटतो, म्हणजे रेषा अखंड राहते. देवनागरीचे प्रत्येक अक्षर शेजाऱ्याचा हात धरून उभे असते. येथे तो हात बत्तीसच अक्षरांना धरता आला असता. उरलेल्यांची शिरोरेषा दर घराला तुटली असती. इंग्रजीला दिलेली मोकळीक देवनागरीला चिरा पाडून गेली.

१४/ महाराष्ट्राला हा पेच नवा नव्हता. मुंबईत जावजी दादाजींनी निर्णयसागरसाठी देवनागरीचे देखणे खिळे पाडले, तेव्हा जुळाऱ्यापुढच्या केसांत शेकडो खणे लागत. टंकलेखन यंत्र आले आणि त्याच्या मोजक्या कळांत सारी लिपी कोंबावी लागली. तेव्हा यंत्राला लिपी जमत नसेल तर लिपीच बदलावी, असा विचार पुढे आला. ‘अ’ची बाराखडी करून ‘इ’ऐवजी ‘अि’ लिहावे, हा सावरकरांचा लिपिशुद्धीचा आग्रह त्याच काळातला. प्रश्न तेव्हाही हाच होता: वाकायचे कोणी, लिपीने की यंत्राने?

१५/ संगणकाच्या बाबतीत पहिले ठोस उत्तर कानपूरहून आले. तेथील आयआयटीत प्रा. आर. एम. के. सिन्हा यांच्या मार्गदर्शनाखाली देवनागरी टर्मिनलवर काम झाले. त्यात मोहन तांबे होते. पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले आणि ‘जिस्ट’ कार्ड घडले. संगणकात हे कार्ड बसवले की अक्षरे जुळवण्याचे काम तेच करी, आणि इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रणालीही मराठी दाखवू लागत. काळा पडदा मराठी बोलला तो असा: यंत्राच्या पोटात वेगळा दुभाषी बसवून. पण दुभाषी विकत घ्यावा लागे. ज्याच्याकडे कार्ड नाही, त्याचा पडदा मुकाच.

१६/ या कामाने एक मोठा सिद्धान्त मात्र रुजवला. यंत्राने साठवायचा तो उच्चारांचा क्रम. आकार जुळवायचा तो दाखवताना. १९९१ चे ‘इस्की’ हे भारतीय प्रमाण या पायावर उभे आहे. युनिकोडने देवनागरीची १२८ घरे आखताना ‘इस्की’च्याच आधीच्या, १९८८ च्या, मांडणीचा आधार घेतला. आज भ्रमणध्वनीवर ‘क’, हलन्त आणि ‘ष’ टंकताच ‘क्ष’ उमटतो, तो या विचारामुळे.

१७/ आता पुन्हा जुहू. पवईच्या आयआयटीत अक्षरकला शिकवलेले रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजे सर्वांचे र. कृ. जोशी, पुढे एनसीएसटीत आले. ते कवी होते, सुलेखनकार होते, जाहिरात क्षेत्रात वर्षे काढलेले होते. बोरूचा उतार आणि शाईचा ओघ ज्याच्या मनगटात, असा माणूस आज्ञावल्या लिहिणाऱ्यांच्या शेजारी बसला. एका बाजूला आठ ठिपक्यांचे घर, दुसऱ्या बाजूला शतकानुशतके हाताने घडलेली लिपी. या दोहोंचा तह होण्यासाठी अशीच शेजारणी जुळावी लागते.

१८/ त्या शेजारातून जे निघाले, ते आज जवळजवळ प्रत्येक मराठी माणसाने पाहिले आहे. विंडोज २००० सोबत आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट जोशींच्या दिग्दर्शनाखाली घडला. सरकारी परिपत्रके, परीक्षांचे अर्ज, कार्यालयांतील टिपणे वर्षानुवर्षे त्यात लिहिली गेली. एनसीएसटीचा ‘रघू’ हा फाँटही त्यांचाच. तो मुक्त परवान्याखाली खुला झाला. कोणीही घ्यावा, वापरावा, सुधारावा. फाँटच्या पोटात आता नुसती चित्रे नव्हती, नियमही होते: कोणते अक्षर कोणाशी कसे जुळते, रफार कोठे जातो, वेलांटी कोठे सरकते.

१९/ त्याच संस्थेत ‘इंडिक्स’ हा प्रकल्प झाला. लिनक्सच्या खिडक्या ज्या एक्स विंडो प्रणालीवर उभ्या असतात, तिच्या पायातच देवनागरी घालावी, म्हणजे वरच्या प्रत्येक प्रणालीत वेगळी खटपट नको, हा त्यामागचा विचार. घराच्या प्रत्येक खोलीत घागर भरून नेण्यापेक्षा नळ पायातून आणावा, तसा. मुंबईतच उभ्या राहिलेल्या इंडलिनक्ससारख्या गटांनी आज्ञा आणि संदेश भारतीय भाषांत आणण्याचे काम केले. चित्रमय पडद्यावर मराठी स्थिरावली.

२०/ पण खिडक्यांखालचा काळा पडदा तसाच राहिला. हे कोणाच्या आळसाने झाले नाही. ज्या थरावर अक्षरे जुळवण्याचे ज्ञान बसवले, तो थर कन्सोलच्या वर आहे. यंत्र सुरू होते तेव्हा तो अजून जागा झालेला नसतो. यंत्र बिघडते तेव्हा तोच आधी कोसळतो. म्हणजे सारे सुरळीत असेपर्यंत यंत्र मराठी बोलते. संकटाच्या घडीला, चकती नादुरुस्त झाली, खिडक्या उघडेनात, की ते इंग्रजीत बोलू लागते. ज्या क्षणी माणसाला आपल्या भाषेची सर्वाधिक गरज असते, नेमका तोच क्षण परका राहिला.

२१/ कन्सोलवर मराठी कळफलक बसवू पाहणाऱ्यांना आणखी एक सापळा ठाऊक असतो. सगळा नकाशा देवनागरी केला, की रोमन अक्षरे उमटेनाशी होतात. मग मूळ नकाशा परत आणणारी आज्ञाही टंकता येत नाही, कारण आज्ञेचे नाव रोमनच. प्रवेशाचे परवलीचे शब्दही त्याच कुलपात. म्हणून जाणते लोक दोन्ही नकाशे एकत्र ठेवतात आणि एका कळीने अदलाबदल करतात. परतीची वाट मोकळी ठेवून मगच पुढे जावे, हा गड चढणाऱ्याचा नियम येथेही लागू पडतो.

२२/ माउसही याला अपवाद नाही. कन्सोलवर माउस चालवणारा ‘जीपीएम’ हा सेवक डाव्या बटणाने मजकूर निवडू देतो आणि मधल्या बटणाने तो दुसरीकडे चिकटवतो. त्याचे माप मात्र घराचे आहे, अक्षराचे नाही. ‘क्षितिज’ या शब्दातील पहिले अक्षर त्याच्या लेखी चार वेगळे तुकडे आहेत: क, हलन्त, ष आणि वेलांटी. मागे खोडण्याच्या कळीचेही तसेच. लिनक्सला २००४ च्या सुमारास युटीएफ-८ची जाणीव देण्यात आली. त्याआधी एका खोडीत ‘क’च्या तीन बाइटांपैकी एकच जाई आणि उरलेले दोन अर्थहीन होऊन लटकत. यंत्राला बाइट कळतो, सांकेतिक क्रमांक कळतो. अक्षर कळायला फार वेळ लागतो.

२३/ हा वेळ का महत्त्वाचा, याचे एक खास मराठी उदाहरण. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे सह्याद्रीतल्या खोल जागा. फरक एवढाच, की एकात र डोक्यावर रफार होऊन बसतो आणि दुसऱ्यात तो आडवा पडून पुढच्या अक्षराला टेकतो. हिंदीला या दुसऱ्या रूपाची गरज पडत नाही. सोळा ठिपक्यांच्या घरात जागा वाचवायची म्हणून कोणी ते वगळले, तर जुहूचा दर्या आणि भीमाशंकरच्या दऱ्या एक होतील. इनस्क्रिप्टने त्या ‘ऱ’ला ‘जे’च्या कळीवर शिफ्टसह जागा दिली, युनिकोडने त्याला स्वतःचा क्रमांक दिला. कोणीतरी मराठी माणसाची गरज लक्षात ठेवली, म्हणून हा भेद वाचला.

२४/ २००३ मध्ये एनसीएसटी सी-डॅकमध्ये विलीन झाली. ५ फेब्रुवारी २००८ रोजी र. कृ. जोशी गेले. २०१४ मध्ये रमाणींचे नाव इंटरनेटच्या मानकऱ्यांच्या नामावलीत, ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये, दाखल झाले. फ्रीबीएसडीने जुना कन्सोल बाजूला सारून ‘व्हीटी’ हा नवा आणला. त्याला युनिकोडचे क्रमांक कळतात. जोडाक्षर जुळवणे मात्र त्यालाही येत नाही. लिनक्सचा मूळ कन्सोलही अजून त्याच उंबरठ्यावर आहे.

२५/ या कहाणीचा हिशेब म्हणून सरळ पराभवाचा नाही. खिळ्यांच्या काळात लिपीला वाकावे लागले. टंकलेखन यंत्रापुढे ती आणखी वाकली. संगणकाच्या काळात पहिल्यांदा यंत्राला वाकवण्याचे काम झाले आणि त्यात कानपूर, पुणे आणि जुहू यांचा हात आहे. एक कोपरा राहून गेला, तो यंत्राच्या तळघरातला. तेथे आजही शिरोरेषा तुटते आणि वेलांटी वाट चुकते. कळ क्रमांक ३७ मात्र आपले काम करते. ती दाबली की तीन बाइट निघतात, बिनचूक ‘क’चे, दिसो वा न दिसो. पडद्याला ते कधी वाचता येईल, एवढेच उरले आहे.

(समाप्त)